यजमानाचा हक्क

परभणी जिल्ह्याचे नाव काढताच मराठी वाचकाच्या मनात जे चित्र उभे राहते ते गोदावरीकाठच्या काळ्या कसदार जमिनीचे, ज्वारी आणि कापसाच्या दूरवर पसरलेल्या शिवारांचे आणि १९७२ साली येथे स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाचे असते. डोंगर, अरण्य आणि आदिवासी जीवन यांची सांगड या जिल्ह्याशी घालण्याची सवय आपल्याला नाही. परंतु या सपाट मुलुखाच्या उत्तरेस, जिंतूर तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेचे पूर्वेकडे पसरलेले फाटे उतरत उतरत पूर्णेच्या खोऱ्याला भिडतात, आणि त्या मुरमाड उतारांवर, पळस-खैराच्या विरळ रानाच्या आश्रयाने, आंध या आदिवासी जमातीची कुटुंबे, शेजारच्या बंजारा तांड्यांप्रमाणेच, पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत.

या भागातून प्रवासी जात नाहीत असे मुळीच नाही. वेरूळ-अजिंठा पाहून औंढा नागनाथाच्या दर्शनाला आणि तेथून नांदेडच्या गुरुद्वाराकडे निघालेली वाहने जिंतूरवरूनच पुढे जातात. लोणारचे सरोवर येथून फारसे दूर नाही. तथापि हा सारा प्रवाह जिंतूरच्या रस्त्यावरून वाहतो आणि तालुक्याला न भिजवता निघून जातो. तो थोडा अडवावा, डोंगरपट्ट्यातील गावांत पाहुणा एक-दोन रात्री राहावा, त्याने तेथील रान, पाणी, अन्न आणि लोकजीवन यांची ओळख करून घ्यावी आणि त्याच्या येण्याने गावाच्या पदरात चार पैसे पडावेत, ही कल्पना मोहक आहे आणि अशक्यही नाही. मात्र जगात जेथे जेथे ती अमलात आली तेथील अनुभव एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगतो: आदिवासी मुलुखातील पर्यटन हे विकासाचे साधन ठरते की अपमानाचे, याचा निकाल पाहुण्यांच्या संख्येवर किंवा रस्त्यांच्या रुंदीवर लागत नाही, पाहुण्याला ‘या’ म्हणण्याचा आणि प्रसंगी ‘नको’ म्हणण्याचा अधिकार गावाच्या हाती आहे की नाही, यावर तो लागतो. या प्रकरणात त्या अधिकाराचाच विचार करावयाचा आहे.

आंध आणि त्यांचा मुलूख

आंध जमातीची वस्ती मुख्यतः नांदेड, हिंगोली, यवतमाळ, परभणी आणि वऱ्हाडचा काही भाग यांत पसरलेली आहे. महाराष्ट्रातील अनुसूचित जमातींच्या यादीत पहिलेच नाव तिचे आहे, आणि २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात तिची संख्या पावणेपाच लाखांच्या घरात होती. वरताळी आणि खालताळी अशा दोन शाखा या जमातीत मानल्या जातात. विसाव्या शतकाच्या आरंभी रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांताच्या जातीजमातींवर जो ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध केला त्यात, आणि सय्यद सिराज-उल-हसन यांनी निजामाच्या राज्यातील जातीजमातींवर १९२० साली लिहिलेल्या ग्रंथात, आंधांची नोंद आलेली आहे. प्राचीन आंध्र राजकुळाशी त्यांचे नाते जोडण्याचा प्रयत्न काही अभ्यासकांनी केला असला तरी तो तर्काच्या पलीकडे गेलेला नाही. आज ही जमात मराठी बोलते, कोरडवाहू शेती करते, शेतमजुरी करते, आणि रान जेथे शिल्लक आहे तेथे मोह, मध, चारोळी, डिंक आणि रानभाज्या यांचा आधार घेते.

या लोकांचे आणि रानाचे नाते कागदोपत्री कसे तुटत गेले, हे समजून घेतल्यावाचून पर्यटनाचा विचार करणे म्हणजे पाया न पाहता माडी चढवणे होय. निजामाच्या अमदानीत महसूल आणि जंगल ही दोन स्वतंत्र खाती झाली, राखीव रानांच्या हद्दी आखल्या गेल्या, आणि फसली १३५५ म्हणजे इ. स. १९४५ च्या हैदराबाद वनकायद्यापर्यंत येता येता, ज्या रानात आजोबा निर्धास्तपणे हिंडत होते त्याच रानात नातू सरकारी दफ्तरात अतिक्रमणदार ठरू लागला. पुढे १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, १९५० साली निघालेल्या अनुसूचित जमातींच्या आदेशात हैदराबाद राज्याच्या यादीत आंधांचा समावेश झाला, आणि १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात, १९६० साली महाराष्ट्रात आला. राज्ये बदलली, पण रानाच्या मालकीची व्यवस्था पुष्कळशी तशीच राहिली.

येथे परभणीच्या आंधांची एक विशेष अडचण ध्यानात घेतली पाहिजे. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा आदिवासी लोकसंख्येचा मोठा भाग त्या जिल्ह्यात गेला. २०११ च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार भरली आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण शेकडा दोन-अडीचच्या आसपासच होते. शिवाय राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रात परभणीचा समावेश नसल्यामुळे, १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना जे विशेष अधिकार दिले ते जिंतूरच्या आदिवासी वस्त्यांना लागू होत नाहीत. संख्या थोडी, विशेष कायद्याचे छत्र नाही, आणि जिल्ह्याच्या कारभाराचे सारे लक्ष स्वाभाविकपणेच बागायती शेतीकडे. अशा स्थितीत बाहेरचा कोणी भांडवलदार उद्या येलदरी धरणाच्या जलाशयाच्या काठी विश्रामस्थान बांधू लागला तर त्याच्याशी बरोबरीने बोलण्याची शक्ती या वस्त्यांजवळ कोठून यावी, हा प्रश्न अगदी खरा आहे.

भूमी आणि ऋतू

पाहुण्याला दाखवण्यासारखे या भागात काय आहे, असे कोणी विचारील. याचे उत्तर एखाद्या एकाच विख्यात स्थळाचे नाव घेऊन देता येत नाही. ते ऋतूंच्या अनुक्रमानेच द्यावे लागते.

पूर्णा नदीवरील येलदरीचे धरण १९६८ साली पूर्ण झाले. धरणाची भिंत सुमारे ५१ मीटर उंच आहे, तिच्या पायथ्याशी जलविद्युत केंद्र आहे, आणि मागे डोंगरांच्या कुशीत शिरलेला विस्तीर्ण जलाशय आहे. हिवाळ्यात मराठवाड्याच्या मोठ्या जलाशयांवर हिमालयापलीकडून चक्रवाक आणि पट्टकादंब यांसारखे पाहुणे पक्षी उतरतात. जलाशयाचे पाणी ओसरू लागले की काठावर जी गाळपेराची जमीन उघडी पडते तीत कोवळे गवत आणि पिके उगवतात, आणि हे पक्षी बहुधा तेथेच चरावयास येतात; म्हणजे ज्या शेतकऱ्याचे पीक पक्षी खातो तोच शेतकरी त्या पक्ष्याचा पहिला राखणदार व्हावा लागतो. त्याला पक्षी राखण्यात काही लाभ दिसला नाही तर केवळ उपदेशाने तो पक्षी वाचणार नाही. पठारावरच्या माळांवर काळवीट आणि रोही आहेत, आणि तेही पिकांत शिरतात. तेथेही हाच न्याय.

पावसाळा सुरू झाला की डोंगरउतारांवर तरोटा, कुर्डू, कर्टुली अशा भाज्या उगवतात, ज्यांची ओळख आणि ज्यांच्या रांधण्याची रीत घरच्या बायकांना जितकी ठाऊक तितकी कोणत्याही ग्रंथात लिहिलेली नाही. श्रावण सरता सरता पोळा येतो, आणि ज्याच्या दारी बैल आहे त्याच्या घरी त्या दिवशी बैलच मुख्य पाहुणा असतो. मार्गशीर्ष-पौषात ज्वारीची कणसे दुधात येऊन भरू लागली की शेतातल्या आखाड्यावर गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर हुरडा भाजला जातो, आणि तो खाण्यासाठी आप्तेष्टांना बोलावण्याची रीत मराठवाड्यात इतकी जुनी आहे की ग्रामीण पर्यटन हा शब्द जन्मण्यापूर्वीच ते पर्यटन येथे चालू होते असे म्हणता येईल. पुढे फाल्गुन-चैत्रात पळस पेटतो आणि पहाटे मोहाची फुले टपटप गळू लागतात. याच मुलुखात मराठवाडी जातीच्या लांब शिंगांच्या म्हशी आहेत, आणि परभणीच्या विद्यापीठाने निर्माण केलेले ज्वारीचे ‘परभणी मोती’सारखे वाणही आहेत.

या निसर्गाला इतिहासाची जोड आहे. जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या टेकडीत जैन लेणी आहेत आणि तेथील पार्श्वनाथाची मूर्ती अत्यल्प आधारावर तोललेली असल्यामुळे अंतरिक्ष म्हणून प्रसिद्ध आहे. याच तालुक्यातील चारठाणा गावी मध्ययुगीन मंदिरे, बारव आणि एक उंच, कोरीव दगडी स्तंभ उभा आहे. शेजारच्या सेलू तालुक्यातील वालूरची चक्राकार बारव तर विशेष उल्लेखनीय आहे, कारण वर्षानुवर्षे गाळाने आणि केरकचऱ्याने भरलेली ही बारव गावकऱ्यांनी स्वतःच्या श्रमाने उपसली, आणि मग ती पाहण्यासाठी दूरदूरचे लोक येऊ लागले. आधी गावाने आपल्या वारशाला हात लावला, पाहुणा नंतर आला. हा क्रम परभणी जिल्ह्यातच एकदा सिद्ध झालेला आहे, आणि पुढील विवेचनाचा तोच आधार आहे.

दूरचे अनुभव

निसर्ग-पर्यटनाला आज जगभर ‘इकोटुरिझम’ हे जे नाव रूढ आहे ते एका मेक्सिकन वास्तुशिल्पज्ञाने, एक्टर सेबालोस-लास्कुराइन यांनी, १९८३ साली वापरात आणले असे सामान्यतः मानले जाते. त्या काळी वर्षावने आणि दलदलीचे प्रदेश वाचवण्यासाठी तेथील लोकांना उत्पन्नाचा अन्य मार्ग मिळावा, हा त्यामागचा उदात्त हेतू होता. परंतु हेतू उदात्त असूनही परिणाम विपरीत झाल्याची उदाहरणे थोडी नाहीत. अंदमानात जारवा लोकांच्या राखीव क्षेत्रातून जाणाऱ्या रस्त्यावरून पर्यटकांची वाहने रांगेने जाऊ लागली, आणि जारवा स्त्रियांना अन्नाच्या मोबदल्यात नाचावयास लावल्याचे दृश्य २०१२ च्या जानेवारीत चित्रफितीद्वारे जगासमोर आले, तेव्हा आपल्याच देशात माणसांकडे वन्य पशूंप्रमाणे पाहण्याचा व्यवहार चालू असल्याचे उघड झाले. तेथे रस्ता होता, पोलीस बंदोबस्त होता, नियमही होते. नव्हता तो केवळ जारवांचा होकार किंवा नकार.

याच्या अगदी उलट अनुभव कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील हैडा ग्वाई या बेटांचा आहे. तेथील हैडा लोकांची जुनी गावे एकोणिसाव्या शतकात देवीच्या साथीने ओस पडली. मागे राहिले ते देवदाराचे उंच कोरीव स्तंभ आणि घरांचे सांगाडे. बोटींतून येणारे प्रवासी त्यांची नासधूस करीत आणि आठवण म्हणून वस्तू उचलून नेत. तेव्हा १९८१ साली काही हैडा माणसे उन्हाळाभर त्या ओसाड गावांत जाऊन राहू लागली, आणि स्तंभांच्या शिरावर कोरलेल्या पहारेकरी आकृतींच्या नावावरूनच त्यांना ‘पहारेकरी’ म्हणू लागले. १९८५ साली जंगलतोडीविरुद्ध हैडांनी रस्ता रोखला, आणि १९९३ साली त्यांच्यात आणि कॅनडा सरकारात जो करार झाला त्यात मालकीविषयी दोन्ही पक्षांची भिन्न मते नमूद करूनही, कारभार मात्र दोहोंच्या बरोबरीच्या मंडळाने चालवावा असे ठरले. आज तेथे जाणाऱ्या प्रत्येकाला आधी नियमांची ओळख करून घ्यावी लागते, आणि त्या प्राचीन गावांत एका वेळी १२ हून अधिक माणसांना उतरू दिले जात नाही. एवढ्या कडक बंधनांमुळे प्रवासी येईनासे झाले नाहीत. उलट त्या बेटांचे महत्त्व वाढले, कारण जेथे यजमान जागा असतो तेथे पाहुण्यालाही आपण काही मोलाचे पाहत आहोत याची जाणीव राहते.

युरोपच्या उत्तर टोकास राहणाऱ्या सामी लोकांची तक्रार निराळी होती. फिनलंडमध्ये बाहेरचे व्यावसायिक सामी पोशाखाच्या नकला चढवून, बनावट विधी रचून पर्यटकांना दाखवीत आणि त्यावर पैसा मिळवीत. खऱ्या सामी कुटुंबांच्या वाट्याला ना तो पैसा येई, ना सन्मान. अखेर २०१८ साली तेथील सामी संसदेने जबाबदार पर्यटनाची तत्त्वे ठरवून प्रसिद्ध केली. संस्कृतीचे प्रदर्शन कोणी करावे, कितपत करावे आणि कोणत्या गोष्टी प्रदर्शनाच्या बाहेर ठेवाव्यात, हे त्या संस्कृतीत वाढलेल्यांनीच ठरवावे, हा त्या तत्त्वांचा गाभा आहे. माहूर-किनवटकडील आदिवासी गावांतली दंडार ही नृत्यकला असो की घरातल्या देवकाचा विधी असो, आपल्याकडेही हाच नियम पाळला गेला पाहिजे. जी दंडार गाव स्वतःसाठी करतो तिच्यात पाहुण्याने कडेला बसून सहभागी व्हावे. पाहुण्याच्या सोयीसाठी भर दुपारी मुलांना नाचावयास उभे करणे हे त्या कलेचेही आणि मुलांचेही अवमूल्यन होय.

महाराष्ट्राचे दोन धडे

दूरदेशीचे दाखले पुरेसे वाटत नसतील तर महाराष्ट्रातच दोन ठिकाणे अभ्यासनीय आहेत. पहिले ठिकाण अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागातील पुरुषवाडी. महादेव कोळी समाजाच्या या गावात गेल्या दोन दशकांत ग्रामपर्यटनाचा उपक्रम चालू आहे. पाहुणा गावातल्या घरांत जेवतो, गावातलाच तरुण त्याला शिवार दाखवतो, आणि मृगाच्या आगेमागे झाडांवर लक्षावधी काजवे चमकू लागले की शहरातली मंडळी तेथे येतात. त्याच काजव्यांची कीर्ती भंडारदरा परिसरात अनिर्बंध पसरली तेव्हा काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. काजव्याचा प्रकाश म्हणजे नर-मादीचा परस्परांना दिलेला संकेत असतो. वाहनांच्या प्रखर दिव्यांत तो संकेत हरवतो, आणि काही जातींच्या माद्या गवतात किंवा जमिनीवर असल्याने गर्दीच्या पायांखाली त्या चिरडल्या जातात. जे पाहावयास माणसे येतात तेच त्यांच्या येण्याने नष्ट होऊ लागते, आणि मग वनखात्याला वेळेचे व वाहनांचे निर्बंध घालावे लागतात. एकाच तालुक्यात, एकाच कीटकाच्या बाबतीत, मोजका पाहुणा आणि बेसुमार गर्दी यांतला फरक याहून स्पष्टपणे कोठे दिसेल?

दुसरे ठिकाण गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा. हे गाव पर्यटनासाठी प्रसिद्ध नाही, आणि म्हणूनच त्याचा दाखला अधिक मोलाचा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली या गोंड गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना गावाच्या हाती येत नव्हता. तो २७ एप्रिल २०११ रोजी, खुद्द केंद्रीय पर्यावरणमंत्री गावात आले तेव्हा, ग्रामसभेच्या स्वाधीन झाला. हक्काचा कागद मिळणे आणि हक्क बजावता येणे यांत दोन वर्षांचे अंतर पडले. पण एकदा परवान्याचे पुस्तक गावाकडे आल्यावर व्यापारी गावाच्या अटींवर आला. बांबूच्या जागी पाहुणा ठेवून पाहिला तर हीच गोष्ट पर्यटनालाही लागू पडते.

पेसा परभणीला लागू नसला तरी वनहक्क कायदा लागू आहे, ही गोष्ट जिंतूरच्या वस्त्यांनी विसरता कामा नये. त्या कायद्याचे तिसरे कलम सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा, आणि जैविक व सांस्कृतिक विविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समाजाचा सामूहिक हक्क मान्य करते. पाचवे कलम आपला सांस्कृतिक व नैसर्गिक वारसा विनाशक व्यवहारांपासून राखण्याचा अधिकार ग्रामसभेला देते. दावा ग्रामसभेने तयार करावयाचा, तो उपविभागीय समितीकडून जिल्हा समितीकडे जावयाचा, आणि तेथे मंजूर व्हावयाचा, अशी त्याची वाट आहे. ही वाट लांबची आणि कंटाळवाणी आहे, परंतु पाहुण्यांसाठी फलक रंगवण्याआधी जर कोणते काम हाती घ्यावयाचे असेल तर ते हेच. त्याच्या जोडीला, २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावोगाव जी लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते ती केवळ दफ्तराची पूर्तता म्हणून न भरता जाणत्या म्हाताऱ्यांना आणि बायकांना विचारून भरली, तर पाहुण्याला काय सांगावे आणि काय आपल्यापाशीच ठेवावे, याचा निर्णयही त्याच बैठकीत होऊ शकेल.

कोयता आणि पाहुणा

आता या विषयातील सर्वांत कठीण गाठीकडे वळले पाहिजे. पक्षी येतात ते कार्तिकापासून माघापर्यंत. हुरडा असतो तो त्याच काळात. हवाही तेव्हाच सुखाची असते. परंतु नेमक्या याच महिन्यांत डोंगरपट्ट्यातील कर्ती माणसे गावात नसतात. दसरा-दिवाळी आटोपली की मुकादमाकडून घेतलेल्या उचलीच्या बोलीवर नवरा-बायकोच्या जोड्या, ज्यांना त्या व्यवहारात ‘एक कोयता’ असे मोजले जाते, पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे टोळ्यांनी निघून जातात, आणि चैत्राच्या सुमारास परत येतात. घरी राहतात म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले. कित्येकदा मुलेही बरोबर जातात. ज्या हंगामात पर्यटनाला बहर यावयाचा त्याच हंगामात यजमानाचे घर कुलूपबंद, ही या प्रदेशाची वस्तुस्थिती आहे, आणि कोणत्याही सुंदर नकाशावर ती दिसत नाही.

या वस्तुस्थितीतून पर्यटनाचा खरा हेतूही निश्चित होतो. पाहुण्यांच्या उत्पन्नाने सारा गाव श्रीमंत होईल असे स्वप्न पाहणे अयोग्य आहे. परंतु दरवर्षी काही थोडी कुटुंबे उचल न घेता गावात राहू शकली, आणि त्यांच्या मुलांची शाळा सलग चालली, तरी त्या उपक्रमाचे सार्थक झाले असे म्हणावे लागेल. मात्र त्यासाठी पैसा कसा फिरतो याकडे डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे. शहरातला दलाल वाहन आणि मुक्काम ठरवतो, जेवण तालुक्याच्या हॉटेलातून येते, आणि गावाच्या वाट्याला नाचाची बिदागी व चहाचे चार पैसे येतात, अशी व्यवस्था झाली तर पाहुणे कितीही आले तरी एकही कोयता थांबणार नाही. उलट पाहुण्याचे धान्य गावच्या ज्वारीचे, दूध गावच्या म्हशीचे, स्वयंपाक बचत गटातील बायकांचा, वाटाड्या गावचा तरुण, आणि मुक्काम पाळीपाळीने वेगवेगळ्या घरी असेल, तर खर्चाचा मोठा हिस्सा गावातच राहतो. उचल ही आगाऊ मिळते, म्हणूनच ती माणसाला बांधते. तेव्हा हंगामापूर्वीच काही निश्चित रक्कम त्या कुटुंबांच्या हाती पडेल अशी आगाऊ नोंदणीची तजवीज केल्यावाचून पर्यटन उचलीशी स्पर्धा करू शकणार नाही.

राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यातील नोंदणीची आणि सवलतींची दारे शेतकऱ्यांना, तसेच त्यांच्या सहकारी संस्थांना उघडी आहेत. एकेका कुटुंबापेक्षा गावाच्या संस्थेने नोंदणी करणे डोंगरपट्ट्यात अधिक श्रेयस्कर, कारण ज्याच्याजवळ पक्के घर आणि रस्त्यालगतची जमीन तोच एकटा यजमान होऊन बसला तर गावात नवी सावकारी उत्पन्न होते. परभणीचे कृषी विद्यापीठ हाकेच्या अंतरावर आहे. पक्ष्यांची गणना, रानभाज्यांची ओळख, स्वच्छ स्वयंपाकाचे शिक्षण आणि हिशेब ठेवण्याची पद्धत या बाबतींत त्याचे विद्यार्थी आणि गावचे तरुण एकमेकांचे गुरू होऊ शकतील.

ठराव

या सर्वांचा निष्कर्ष एका कागदात मांडता येईल, आणि तो कागद म्हणजे पहिला पाहुणा येण्यापूर्वी ग्रामसभेने केलेला ठराव. त्यात एका दिवशी जास्तीत जास्त किती माणसे गावात राहतील हा आकडा असावा, आणि तो वाढवावयाचा तर पुन्हा ग्रामसभाच भरवावी लागेल अशी अट असावी. वैशाख-ज्येष्ठात, जेव्हा विहिरी तळ गाठतात आणि बायकांच्या डोक्यावरचा हंडा दूरवरून येतो, तेव्हा गाव पाहुण्यांना बंद राहील, हे स्पष्ट लिहिलेले असावे. १९७२ च्या दुष्काळाची आठवण ज्या मुलुखात अजून घरोघर आहे त्या मुलुखात पाहुण्याच्या आंघोळीसाठी यजमानाने तहानलेले राहणे हे आतिथ्य नव्हे. कोणते देवस्थान, कोणता विधी, कोणते घर पाहुण्याने पाहू नये, आणि कोणाची छबी विचारल्यावाचून घेऊ नये, हे ठरलेले असावे. जलाशयाच्या काठी वाहने कोठवर येतील आणि पक्षी चरत असताना नावा कोठे जाणार नाहीत, हे मासेमारी करणाऱ्या मंडळींना बरोबर घेऊन ठरावे, कारण पाण्याचे पहिले जाणकार तेच. पाहुण्याकडून आलेल्या रकमेतला ठराविक वाटा गावनिधीत जावा, आणि त्याचा जमाखर्च दर हंगामाच्या अखेरीस चावडीवर मोठ्याने वाचून दाखवला जावा. आंध वस्ती आणि शेजारचा तांडा यांनी हा ठराव मिळून केला तर उत्तम, कारण रान आणि पाणी दोघांचे एकच आहे.

परभणीच्या उत्तर डोंगरपट्ट्यात पर्यटन अद्याप रुजलेले नाही, याचे पुष्कळांना वैषम्य वाटते. मला त्यात संधी दिसते. जेथे गर्दी आधी आली तेथे नियम मागाहून, भांडणातून आणि नुकसानीनंतर करावे लागले. येथे मात्र हक्क, ठराव आणि मग पाहुणा हा योग्य क्रम अजूनही पाळता येण्यासारखा आहे. दहा वर्षांनी या उपक्रमाचे मूल्यमापन करावयाचे झाले तर आलेल्या प्रवाशांची गणती पुरेशी होणार नाही. किती कोयते गावात थांबले, गावनिधीचा हिशेब गावच्याच मुला-मुलींच्या हस्ताक्षरात आहे की नाही, आणि जलाशयावर उतरणारे पक्षी टिकून आहेत की नाहीत, हे विचारावे लागेल. आणि ज्या वर्षी गावाने एखादा मोठा जथा आपल्या ठरावावर बोट ठेवून परत पाठवला, त्याबद्दल तालुक्याच्या कचेरीतून कोणी जाब विचारला नाही, आणि पुढच्या हंगामात पाहुणे तरीही आले, त्या वर्षी या मुलुखात पर्यटन खऱ्या अर्थाने रुजले असे खुशाल समजावे.